ताडोबा आणि गोंडांचे चांदा: एकाच प्रवासात कसे पाहावे

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात येणारे बहुतेक पर्यटक नागपूरला उतरतात, दोन सफारी करतात आणि आल्या वाटेने परत जातात. ज्या गोंड राजांच्या मुलखात हे जंगल वाढले, त्यांची राजधानी चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, मोहर्ली प्रवेशद्वारापासून जेमतेम तासाभराच्या अंतरावर असूनही ती पाहायची राहून जाते. माझ्या मते या प्रवासाला निदान चार दिवस द्यावेत आणि त्यांतील एक दिवस मंगळवार असेल अशी आखणी करावी. मंगळवारी प्रकल्पाचे कोअर क्षेत्र, म्हणजे गाभ्याचे जंगल, बंद असते, त्यामुळे तो दिवस चंद्रपूर शहरासाठी आपोआप मोकळा होतो.

आधी हंगामाचा विचार करावा. कोअर क्षेत्र १ ऑक्टोबर ते ३० जून या काळात खुले असते आणि पावसाळ्यात फक्त काही बफर, म्हणजे गाभ्याभोवतालच्या पट्ट्यातील, दारांतून प्रवेश मिळतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जंगल हिरवे आणि दाट असल्यामुळे दहा पावलांवरचा प्राणीही झाडोऱ्यात दडून राहतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या उघड्या जिप्सीत (सफारीच्या जीपगाडीत) थंडी हाडांपर्यंत जाते, म्हणून कानटोपी आणि जाड शाल सोबत हवीच. एप्रिल-मे महिन्यांत पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यावर प्राणी येतात आणि वाघ दिसण्याची शक्यता वाढते. मात्र चंद्रपूरचा पारा तेव्हा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे लक्षात घेऊन लहान मुले आणि वयस्कर मंडळी बरोबर असतील तर फेब्रुवारी-मार्च निवडावा. त्या वेळी पळस फुललेला असतो, मोहाची फुले गळू लागलेली असतात आणि ऊनही सोसण्याजोगे असते.

सफारीचे आरक्षण वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे. ज्यांची नावे नोंदवली त्यांची मूळ ओळखपत्रे प्रवेशद्वारावर दाखवावी लागतात. एका जिप्सीत सहा पर्यटक, चालक आणि स्थानिक गाइड असतात. आरक्षण करताना दार नीट विचार करून निवडावे, कारण आत कोणता भाग पाहायला मिळेल आणि मुक्काम कोठे करावा लागेल, हे त्यावरच ठरते. नागपूरहून उमरेड-चिमूरमार्गे येणाऱ्यांना कोलारा जवळ पडते, तर चंद्रपूरला उतरणाऱ्यांना मोहर्ली सोयीचे. किल्ला, मंदिरे आणि लेणीही पाहायची असतील तर मुक्काम मोहर्लीच्या बाजूस ठेवावा. कोअरमध्ये दोन आणि आगरझरी किंवा जुनोना यांसारख्या बफर भागात एक, अशा तीन फेऱ्या पुरेशा होतात. बफरला दुय्यम समजण्याची चूक करू नये. वाघाला आपण आखलेल्या सीमा ठाऊक नसतात आणि बफरमध्ये गर्दीही अनेकदा कमी असते.

ताडोब्यात मोबाइल आत नेण्यास बंदी आहे. तो जिप्सीच्या थैलीत लपवून नेण्याचा मोह टाळावा, कारण एका जागी वाघ दिसल्याची बातमी फोनवरून पसरली की गाड्यांची रांग लागते आणि त्या प्राण्याची वाट अडते. कपडे खाकी, तपकिरी किंवा गडद हिरव्या रंगाचे असावेत. अत्तर लावू नये. तोंडावर बांधायला सुती पंचा आणि पाण्यासाठी धातूची बाटली घ्यावी. रस्ते मातीचे असल्यामुळे उन्हाळ्यात धुळीचा त्रास बराच होतो. गाडीतून कोणत्याही कारणाने उतरू नये, आणि जवळ जाण्यासाठी चालकाला पैशांचे आमिष तर मुळीच दाखवू नये. नियम मोडल्यास त्या चालकाच्या आणि गाइडच्या परवान्यावरही गदा येते. ही मंडळी आसपासच्या गावांतलीच असतात आणि त्यांचे घर याच कामावर चालते.

जंगलात डोळ्यांइतकेच कान महत्त्वाचे आहेत. वानर आणि चितळ धोक्याचा इशारा देतात, त्याला गाइड ‘कॉल’ म्हणतात. चितळ कधी कधी नुसत्या संशयानेही ओरडते. पण सांबराचा भरदार ‘ढाँक’ ऐकू आला आणि तो पुन्हा पुन्हा येत राहिला, तर गाडी थांबवून इंजिन बंद करावे आणि शांतपणे वाट पाहावी. नुसते फिरत राहण्यापेक्षा पाणवठ्यावर अर्धा तास थांबलेल्यांना अधिक पाहायला मिळते, असा माझा अनुभव आहे. त्या अर्ध्या तासात वाघ आला नाही तरी रानगवे, रानकुत्र्यांची टोळी, अस्वल किंवा चौशिंगा यांपैकी काहीतरी दिसू शकते. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल आणि पानगळीनंतर पांढरेशुभ्र उभे असलेले कांडोळ गाइडकडून ओळखून घ्यावे.

ताडोबा तलावाच्या काठी तारू या देवाचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना मरण पावलेला हा गावप्रमुख पुढे देव झाला, अशी आदिवासींची श्रद्धा आहे आणि त्याच्याच नावावरून या जंगलाला ताडोबा म्हणतात. १९५५ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ साली अंधारी अभयारण्य आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. पुढे नवेगाव, जामणी यांसारखी गावे कोअरमधून बाहेर वसवण्यात आली आणि त्यांच्या शेतांची कुरणे झाली. त्या कुरणांत आज चितळांचे कळप चरताना पाहून आनंद वाटतोच, पण तेथे कोणाची तरी घरे होती, हेही गाइडला विचारून समजून घ्यावे. मोहर्लीहून आत जाताना रस्त्याकडेला जुने दगडी खांब दिसतात. गोंड राजे त्यांवरून दोर बांधून चांद्यापर्यंत निरोप पोहोचवीत, असे गाइड सांगतात. तेथूनच राजधानीची वाट सुरू झाली असे समजावे.

मंगळवारी सकाळी लवकर चंद्रपूर गाठावे. खांडक्या बल्लाळशाने या नगराचा परकोट बांधायला घेतला, त्याची कथा शिकारीची आहे. राजाच्या कुत्र्यामागे एक ससा उलटा धावला, आणि ते अद्भुत पाहून राणीने त्याच जागी नगर वसवण्याचा सल्ला दिला, असे सांगतात. सुमारे ११ किलोमीटर लांबीच्या या परकोटाला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार मोठे दरवाजे आहेत. सुरुवात अंचलेश्वरापासून करावी, कारण मंदिर, दरवाजा आणि गोंड राजांच्या समाध्या तेथे लागूनच आहेत. राणी हिराईने पती बीरशहासाठी उभारलेली समाधी सर्वांत देखणी असून तिच्यासमोर घाई करू नये. महाकालीचे मंदिर जवळच आहे. चैत्रातील यात्रेत मराठवाड्यातून फार मोठी गर्दी येते, तेव्हा मुक्कामाची सोय आधीच पाहून ठेवावी.

दुपारनंतर भद्रावतीला जाता येते. तेथील विजासन टेकडीतील बौद्ध लेणे आत लांबवर कोरलेले असून गाभाऱ्यात बुद्धमूर्ती आहे; आत अंधार असल्याने विजेरी न्यावी. भद्रनागाचे मंदिर आणि पार्श्वनाथाचे जैन मंदिर गावातच असल्यामुळे एका संध्याकाळी तिन्ही होतात.

चौथा दिवस मात्र पूर्ण मार्कंड्यासाठी राखावा. गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शीजवळ वैनगंगा उत्तरवाहिनी होते, तिच्या काठी हा मंदिरसमूह उभा आहे आणि त्याला विदर्भाचे खजुराहो म्हणतात. मुख्य मंदिराच्या शिखराची वीज पडून हानी झाली होती. भिंतींवरील शिल्पे सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतात, म्हणून चंद्रपूरहून पहाटेच निघावे. पादत्राणे बाहेर काढावीत, शिल्पांना हात लावू नये, आणि महाशिवरात्रीची यात्रा टाळून गेल्यास सावकाश पाहता येते. परतीचा चंद्रपूर-मूल रस्ता जंगलातून जातो आणि संध्याकाळी वन्यप्राणी तो ओलांडतात. त्यामुळे उजेड असतानाच निघावे, वेग कमी ठेवावा आणि वाटेत प्राणी दिसलाच तर हॉर्न न वाजवता तो पलीकडे जाईपर्यंत गाडी थांबवून ठेवावी.