स्वल्पविराम देण्याआधी अंगठा ठेवून बघा

दहावी-बारावीची मुलं इंग्रजीत दोन वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडतात आणि हकनाक मार्क घालवतात. पेपर लिहितालिहिताच चूक पकडता येते, ती अशी.

मधल्या जोडशब्दावर, म्हणजे अँड, बट, सो, ऑर जो असेल त्यावर, अंगठा ठेवायचा. मग डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी वाचायची. दोन्हीकडं कर्ता, क्रियापद असून वाक्य पूर्ण होत असेल, तर जोडशब्दाच्या आधी स्वल्पविराम. उजवीकडं कर्ताच नसेल, तर नको.

'द रेन स्टॉप्ड, सो वी वॉक्ड टू रंकाळा.' दोन्ही बाजू आपापल्या पायावर उभ्या आहेत.

'वी वॉक्ड टू रंकाळा अँड एट भेळ.' इथं नुसतं 'एट भेळ' उरतं, म्हणून स्वल्पविराम गाळायचा.

जोडशब्दच नाही, असं 'द रेन स्टॉप्ड, वी वॉक्ड टू रंकाळा' मात्र सरळ चूक. तिथं पूर्णविराम किंवा अर्धविराम द्या.

'हाउएव्हर'वर मुलं हमखास फसतात. तो अर्थानं 'बट'सारखा वाटला तरी वाक्यं जोडत नाही. दोन वाक्यांच्या मध्ये आला, तर आधी अर्धविराम, नंतर स्वल्पविराम. हे वहीत लिहून घ्याच.

एक जपा: आपल्या 'जरी-तरी'च्या सवयीनं 'ऑल्दो'च्या वाक्यात मध्येच 'बट' घुसतो. 'ऑल्दो इट रेन्ड, वी वेंट टू जोतिबा' एवढंच पुरे, तिथं 'बट' नको.