सोलापूरच्या पिनकोडचे अवयव काढू या: ४१३००१

मोठी संख्या दिसली की पोरं आधी मोबाईल काढतात, पण सहा आकडी संख्येला त्याची काही गरज नाही. कागद-पेन घ्या आणि आपल्या सोलापूरच्या पिनकोडलाच धरा, ४१३००१.

आधी शेवटचा अंक बघा. १ आहे, म्हणजे २ आणि ५ दोन्ही बाद. मग अंकांची बेरीज करा, ४+१+३+०+०+१ = ९. बेरजेला ९ नं भाग जातो म्हणजे संख्येलाही जाणारच, कारण १०, १००, १००० कशालाही ९ नं भागलं तरी बाकी १ च उरते. भागा, ४५८८९ येतं.

आता हे सांगायलाच पाहिजे की जिला स्वतःच्याच अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग जातो तिला हर्षद संख्या म्हणतात आणि हे नाव दिलंय आपल्या मराठी माणसानं, देवळालीच्या शाळेतले गणिताचे मास्तर द. रा. कापरेकर. म्हणजे आपला पिनकोड हर्षद आहे, मला तर याचा फार आनंद होतो!

आता उरलेल्या ४५८८९ ला भागत कुठपर्यंत बसायचं? वर्गमूळापर्यंत. २१४ चा वर्ग ४५७९६ आणि २१५ चा ४६२२५, म्हणजे २१४ च्या पुढं जायचंच नाही, कारण दोन्ही अवयव त्याहून मोठे असले तर गुणाकार ४५८८९ च्या वर जाईल. ९ आधी काढला नसता तर हीच हद्द ६४२ वर गेली असती, म्हणून सोपे अवयव पहिले काढायचे.

भागायचं पण फक्त मूळ संख्यांनी. परत ३ बघा, बेरीज ३४, नाही जात. ७ साठी शॉर्टकट आहे, ४१३ म्हणजे ७ × ५९, त्यामुळं ४१३००० ला दोघांनीही भाग जातो आणि आपल्या संख्येत बाकी १ उरते, एका दमात ७ आणि ५९ दोन्ही गेले. बाकीच्यांना मात्र शांतपणे भागत बसावं लागतं, ११, १३, १७ करत करत १०३ ला बाकी ५४, १०७ ला ९३, आणि १०९ ला बरोब्बर ४२१, बाकी शून्य!

४२१ वेगळी तपासू नका. १०९ च्या खालच्या एकाही मूळ संख्येनं ४५८८९ ला भाग गेला नाही, मग ४२१ ला कुठून जाईल? ती मूळच.

तर ४१३००१ = ३ × ३ × १०९ × ४२१. विभाजक किती ते मोजायला प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा, ३ × २ × २ = १२. त्यातली ३२७ × १२६३ ही जोडी नुसतं बघून कुणाला सुचणार नाही.

४१३००४ वाल्यांनो, तुमचा पण हर्षद आहे, बेरीज १२, भागून बघा. बार्शीचं ४१३४०१ मात्र थोडक्यात हुकलं, बेरीज १३ आणि बाकी फक्त १.