आरसी कारचा स्क्रू विकत घेताना

रिमोटच्या गाडीचा गळून पडलेला स्क्रू नव्याने घेताना जाडी बहुधा जुळते, पण लांबी चुकते. म्हणून ठाणे स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात जाताना गाडीच्या दुसऱ्या बाजूचा, त्याच जागेचा शाबूत स्क्रू काढून सोबत न्यावा. १/१० मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाएवढ्या, बहुतेक गाड्यांत एम३, म्हणजे ३ मिमी जाडीचे स्क्रू असतात. गोल डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्याखालून मोजतात. चेसिसच्या तळाशी सपाट बसणाऱ्या काउंटरसंक स्क्रूची मात्र डोक्यासकट मोजतात, आणि नेमकी इथेच गल्लत होते. धातूत बसणारा स्क्रू पहिले दोन-तीन आटे बोटांनीच सहज फिरला पाहिजे.

मोटर बसवण्याचा स्क्रू मूळ स्क्रूपेक्षा जराही लांब घेऊ नये, कारण त्याचे टोक आतल्या वाइंडिंगला, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांना, लागून मोटर निकामी होऊ शकते.