राजांची गालेत: थंड बटर, बदामाचं सारण आणि टेबलाखालचं पोर

बाळ येशूच्या दर्शनाला तीन राजे आले, तो सण ६ जानेवारीचा. फ्रान्समध्ये त्या दिवशी गालेत दे र्‍वा, म्हणजे बदामाचं सारण भरलेला पदरांचा गोल केक, कापतात, पण इथे पॅरिसच्या बेकऱ्यांत ती जानेवारीभर मिळते. दक्षिणेला, प्रोव्हान्सकडे, तिच्या जागी ब्रिओशचं, म्हणजे अंडी-बटर घातलेल्या मऊ गोडसर पावाचं, कडं असतं: नारिंगाच्या फुलांच्या पाण्याचा वास, वर पाकवलेली फळं. ते चांगलंच लागतं, पण आमच्या घरी उत्तरेकडची पदरांची गालेत होते. तीच सांगते.

२५० ग्रॅम मैदा, ५ ग्रॅम मीठ आणि साधारण १२५ मिली गार पाणी घेऊन फार न मळता गोळा करायचा आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवायचा. १९० ग्रॅम बिनमिठाचं बटर थापून चौकोन करा, लाटलेल्या पिठात चारी बाजूंनी बंद करा, लांबट लाटून तिहेरी घडी घाला. अशा ६ घड्या. दर दोन घड्यांनंतर अर्धा तास फ्रिज. हिशेबाने बटराचे ७२९ थर होतात! चिरोट्याला आपण साटा लावतो त्यातलाच प्रकार, फक्त हा साटा थंड आणि घट्ट राहिला पाहिजे. वितळून पिठात मुरला की पदर सुटायचे नाहीत. घरचं लोणी इथे नको, त्यात पाणी फार. फ्रेंच बटरमध्ये ८२ टक्के स्निग्धांश असतो.

खरं सांगायचं तर इथेही घरोघरी पिठाची तयार गुंडाळीच आणतात. ती घेतलीत तर बटरचीच आहे ना, एवढं वाचून घ्या.

सारणाला बटर, पिठीसाखर आणि बदामाची पूड प्रत्येकी १०० ग्रॅम, दोन अंडी, चमचाभर रम. फेटून एकजीव करा. शास्त्रशुद्ध फ्रान्जिपानमध्ये, म्हणजे गालेतच्या मूळ सारणात, एक तृतीयांश कस्टर्डसारखं क्रेम पातिसिएर असतं. मी घालत नाही, बदाम फिका पडतो.

आता खरी कसोटी कडांची. २४ सेंटिमीटरच्या दोन चकत्या कापा. खालचीवर २ सेंटिमीटर कड सोडून सारण पसरा. फेव, म्हणजे लपवायची वस्तू, सारणाच्या काठाजवळ खोचा. मधोमध ठेवलीत तर पहिल्याच कापाला सुरी अडते. पूर्वी हा खरोखरचा वाल-घेवड्यासारखा दाणा असे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी मातीच्या बाहुल्या आल्या. त्या जमवणारे हौशी लोकही आहेत. घरी अख्खा बदाम खुशाल चालतो, दातही शाबूत राहतात.

कडेला पाण्याचं बोट फिरवा, वरची चकती पाव फेरा वळवून ठेवा (पीठ लाटल्या दिशेने आकसतं, म्हणून), दाबून घ्या आणि अख्खी गालेत उलटी करा. सपाट बाजू वर आली की फुगते सारखी. सुरीच्या पाठीने कडेला खाचा द्या. वरून अंड्याचा बलक लावा, पण बाजूने ओघळू देऊ नका. पदर चिकटतात आणि गालेत एकीकडे कलते. तासभर फ्रिज, पुन्हा बलक, मग सुरीच्या टोकाने मधून कडेकडे वळणदार रेघा. वाफेला मधोमध एक भोक. ओव्हन २०० अंशांवर १० मिनिटं, पुढे १८० वर अर्धा तास. बाहेर काढल्याबरोबर साखरेच्या पाकाचा हात फिरवला की चकाकते.

कापताना माणसांपेक्षा एक तुकडा जास्त करायची जुनी रीत आहे, तो गरिबाचा वाटा. घरातलं सगळ्यात धाकटं पोर टेबलाखाली बसतं आणि कुठला तुकडा कुणाला ते तिथून ओरडून सांगतं. आमची धाकटी दरवर्षी आधी स्वतःचंच नाव घेते. फेव ज्याच्या दाताखाली येईल तो राजा किंवा राणी. पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट त्याचा, आणि पुष्कळ ठिकाणी पुढची गालेत आणायची पाळीही त्याचीच. राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादात मात्र फेवशिवायची गालेत कापतात, प्रजासत्ताकात राजा कसा चालेल?

उरलीच तर दुसऱ्या दिवशी १५० अंशांच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये पदर चिवट होतात.