ग्रामीण भागात स्वयंसेवी मंडळ कसे चालवावे

लहान ग्रामीण भागात बहुतेक जण एकमेकांच्या ओळखीचे, कित्येकदा नात्यातलेही असतात. त्यामुळे मंडळ स्थापन करणे सोपे जाते, पण व्यवहार कागदावर आणणे अवघड होते, कारण पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे असे अनेकांना वाटते. म्हणून लेखी शिस्त पहिल्याच बैठकीपासून, पैसा आणि मतभेद येण्यापूर्वीच लावून घ्यावी.

सुरुवातीला एकच काम हाती घ्यावे, उदाहरणार्थ वृद्धांना दवाखान्यात नेण्याची सोय. त्यानंतर सभासदत्व, कार्यकारिणीची मुदत, गणपूर्ती (सभेसाठी लागणारी किमान हजेरी) आणि मंडळ बंद पडल्यास शिल्लक रकमेचे काय करायचे, हे ठरवणारी छोटी नियमावली सभेत वाचून मंजूर करावी. वस्त्या दूरदूर असल्याने गणपूर्तीची संख्या बेताचीच ठेवावी, नाहीतर सभा वारंवार तहकूब होतात. सभा आळीपाळीने वेगवेगळ्या वस्त्यांवर आणि पेरणी-कापणीचे दिवस टाळून घ्याव्यात. नोंदणी तिथल्या कायद्याप्रमाणे करावी.

पैशाच्या बाबतीत मात्र कोणतीही सवलत देऊ नये. जमलेली रक्कम दोघांनी एकत्र बसून मोजावी, किती रुपयांच्या किती नोटा हे लिहून दोघांनीही सही करावी आणि त्यातून परस्पर खर्च न करता ती जशीच्या तशी बँकेत भरावी. खात्यावर दोन सह्या आवश्यक असाव्यात आणि त्या एकाच घरातल्या नसाव्यात. मंडळाचे काम एखाद्या पदाधिकाऱ्याच्या नातेवाइकाला द्यायचे असेल, तर त्या पदाधिकाऱ्याने नाते आधी सांगावे आणि निर्णयाच्या वेळी सभेबाहेर थांबावे. इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी अहवालात, तशी नोंद झाली की पुढे कुजबुजीला जागा राहत नाही आणि त्या पदाधिकाऱ्याचीही अब्रू जपली जाते.

इतिवृत्तात भाषणे उतरवून घेण्याची गरज नाही. काय ठरले, ते कोणी करायचे आणि कधीपर्यंत, एवढे नेमके लिहावे.

माझ्या मते अशी मंडळे भांडणापेक्षा थकव्यामुळे अधिक बंद पडतात, कारण सगळा भार त्याच दोन-तीन माणसांवर पडत राहतो. यासाठी दरवर्षी कार्यकारिणीतील एक तृतीयांश जागाच रिकाम्या व्हाव्यात, म्हणजे जुन्यांचा अनुभव टिकतो आणि नव्यांनाही वाव मिळतो. सचिव आणि खजिनदार यांना प्रत्येकी एक सहायक द्यावा. सहायकाने काही महिने कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) स्वतः लिहावी, बँकेत सोबत जावे, आणि पदाची सूत्रे हाती घेताना दप्तर, पासबुक व किल्ल्या यांची यादी करून त्यावर जुना आणि नवा पदाधिकारी अशा दोघांनी सह्या कराव्यात.