कोटेशन मागवण्याआधी: एआयएक्स, सोलॅरिस की एचपी-यूएक्स

बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या ज्या बँका आणि पतसंस्था भाड्याच्या डेटा सेंटरवर गेल्या, त्यांना खरेदीआधी तपासायच्या गोष्टींची ही यादी नको. ज्या साखर कारखान्यात, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या एखाद्या फाउंड्रीत किंवा संस्थेच्या मुख्य कचेरीत युनिक्सचा स्वतःचा सर्व्हर अजून चालतो आणि 'नवा घ्यायचा, पण कुठला' हा विषय संचालकांपुढे यायचा आहे, तिथल्या संगणक विभागासाठी ती आहे. एआयएक्स आयबीएमची, सोलॅरिस ऑरॅकलची आणि एचपी-यूएक्स एचपीची; तिन्ही युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टीम.

आधी आपल्याकडे काय आहे ते कागदावर उतरवा. मशीनचं मॉडेल, प्रोसेसर, चालू असलेले कोर, मेमरी, डिस्क आणि पॅचच्या पातळीसकट ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती. मग वर काय चालतं ते: ऑरॅकल डेटाबेसची कुठली आवृत्ती, कोबोल भाषेतले जुने प्रोग्रॅम चालवणारा रनटाइम कुणाचा, सी प्रोग्रॅमचा सोर्स आहे की नुसती बायनरी, म्हणजे कंपाइल झालेली फाइल, उरली आहे. क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची, यादी प्रत्येक युजरची वेगळी काढा. वर्षातून एकदाच चालणारं काम, म्हणजे मार्चअखेरचं व्याज किंवा हंगाम संपल्यावरचा ऊस बिलांचा हिशेब, तिथेच दडलेलं असतं आणि ते लिहिणारा माणूस बहुधा निवृत्त झालेला असतो.

दुसरा कागद तारखांचा, आणि निम्मा निर्णय इथेच होतो. एचपी-यूएक्स 11आय व्ही3 ही 2007 सालची आवृत्ती. तिचा नियमित सपोर्ट 31 डिसेंबर 2025 ला संपला. ती चालते फक्त पीए-रिस्क आणि इटॅनियम या प्रोसेसरांवर, आणि इंटेलने इटॅनियमची शेवटची खेप जुलै 2021 मध्ये पाठवली. तेव्हा एचपी-यूएक्सचा रकाना तुलनेत ठेवायचा तो फक्त 'इथून बाहेर कसं पडायचं' एवढ्यासाठी. सोलॅरिस 11.4 ऑगस्ट 2018 ची, आणि ऑरॅकलने तिला 2034 पर्यंत तरी सपोर्ट देण्याचं जाहीर केलेलं आहे. पण स्पार्क एम8 हा प्रोसेसर 2017 चा, त्यानंतर ऑरॅकलचा नवा स्पार्क आलेला नाही. एआयएक्स 7.3 डिसेंबर 2021 मध्ये आली आणि तिच्याखालचं पॉवर11 हार्डवेअर 2025 चं आहे. माझं मत सरळ आहे: नवी खरेदी करायचीच असेल तर एआयएक्स; सोलॅरिस आधीपासून असेल आणि नीट चालत असेल तर राहू द्या, पण तिच्यावर नवं घर बांधू नका.

गुणांच्या तक्त्यावर फार वेळ घालवू नये. सोलॅरिसमध्ये झेडएफएस ही फाइल सिस्टीम, एका मशीनचे वेगळे कप्पे करणारे झोन्स आणि चालू सिस्टीमच्या आत डोकावणारं डीट्रेस; अपडेट बिघडला तर जुन्या बूट एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या आधीच्या प्रतीत, परत जाता येतं. एआयएक्समध्ये एका मशीनचे स्वतंत्र भाग पाडणारे एलपार, चालू असताना लहान-मोठी करता येणारी जेएफएस2 फाइल सिस्टीम, सिस्टीमची कामं मेनूतून करू देणारी स्मिटी, आणि एमकेसिसबी हा सिस्टीमचा बॅकअप काढून ठेवला की अख्खी रूट सिस्टीम पुन्हा उभी करता येते. रात्रपाळीच्या नवख्या ऑपरेटरला स्मिटी सोपी जाते, हा माझ्या लेखी मोठा गुण. बाकी आपल्या आकाराच्या संस्थेला दोन्ही पुरून उरतात.

बाइटचा क्रम मात्र विचारून घ्या. पॉवरवरची एआयएक्स, स्पार्कवरची सोलॅरिस आणि इटॅनियमवरची एचपी-यूएक्स या तिन्ही बिग-एंडियन, म्हणजे आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या. इंटेलवरची लिनक्स लिटल-एंडियन, म्हणजे लहान बाइट आधी. एचपी-यूएक्सवरून एआयएक्सवर जाताना प्रोग्रॅम नव्याने कंपाइल करावे लागतात, पण बायनरी फाइलींतले आकडे त्याच क्रमाने वाचले जातात. ऑरॅकलचे टेबलस्पेसही (डेटाबेसचे साठवणीचे भाग) बाइटचा क्रम न बदलता हलवता येतात. लिनक्सवर जायचं ठरलं तर प्रत्येक बायनरी फाइल उलटी करण्याचं वेगळं काम निघतं. 'लिनक्स फुकट आहे' म्हणणाऱ्या विक्रेत्याला या कामाचे दिवस आणि पैसे लेखी मागा.

आता ते काम, जे पुण्या-बेंगळुरूच्या विक्रेत्याच्या यादीत कधीच नसतं: नावं. आपल्याकडच्या सभासद रजिस्टरात काही नावं मराठीत, काही कन्नडमध्ये. जुना डेटा बऱ्याच ठिकाणी इस्कीमध्ये आहे, म्हणजे 1991 च्या भारतीय मानकात, भारतीय लिप्या दाखवणाऱ्या जिस्ट टर्मिनलच्या काळातला. इस्कीत देवनागरी 'क' आणि कन्नड 'ಕ' यांचा कोड एकच, 179. लिपी कुठली ते सांगायला मजकुराच्या आधी 239 हा खुणेचा बाइट आणि त्यामागे लिपीचा कोड यावा लागतो, आणि डेटाबेसच्या फील्डमध्ये ही खूण बहुधा साठवलेलीच नसते. युनिकोडमध्ये दोन्ही लिप्यांना स्वतंत्र जागा, त्यामुळे रूपांतर करताना प्रत्येक नावाची लिपी ठरवावीच लागते. गाव किंवा गटाचा कोड, फॉर्म कुठल्या भाषेत भरला त्याची खूण, असं काही टेबलात आहे का ते शोधा. ऱ्हस्व ए किंवा ऱ्हस्व ओ यांचे कोड नावात दिसले तर ते बहुतेक कन्नडच समजा. उरलेली नावं सीमेच्या दोन्हीकडची भाषा वाचणाऱ्या कारकुनाकडून तपासून घ्यावी लागतील. त्यासाठी माणूस आणि महिने आत्ताच धरा. डेटा इस्कीत नसून एखाद्या जुन्या फॉन्टच्या कोडमध्ये असेल तर त्या फॉन्टची फाइल आधी जपून ठेवा, तिच्याशिवाय पुढे जाताच येणार नाही.

फील्डची लांबीही इथेच मोजा. 'बाळासाहेब' हे नाव इस्कीत 9 बाइटचं, युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-8 पद्धतीत 27 बाइटचं. कन्नडचंही तसंच, अक्षराला तीन बाइट. नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव मिळून 30 बाइटचा रकाना असेल तर नव्या मशीनवर आडनावं कापली जातील आणि बिल बँकेतून परत येईल. मशीन कुठलंही घ्या, त्यावर मराठी आणि कन्नड दोन्ही लोकेल (भाषेची सेटिंग) बसवून नावांची यादी वर्णानुक्रमे लावून दाखवा, हे कोटेशनच्या अटीतच घाला.

लायसन्सचा हिशेब. ऑरॅकल डेटाबेसचे एंटरप्राइझ दर कोरमागे लागतात आणि कोरला गुणक असतो: पॉवरला 1, स्पार्क एम8 ला 0.5, इंटेलला 0.5. पॉवरचा एक कोर दमदार खरा, पण चार इंटेल कोरचं काम दोन पॉवर कोरवर बसतं का हे मोजल्याशिवाय सही करू नका. एलपार कोरच्या मर्यादेत बांधून घेता येतो, तो बांधूनच घ्या.

सपोर्टच्या करारात 'चार तासांत इंजिनिअर' असं छापलेलं असतं. ते आपल्या पिनकोडला लागू आहे का ते विचारा. सुटा भाग पुण्याहून, हुबळीहून की बेंगळुरूहून येणार, आणि रविवारी येणार का, हेही. वळवाच्या पावसात वीज जाते-येते, म्हणून अर्थिंग, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि मशीनला लागणारा 200 ते 240 व्होल्टचा वेगळा फीडर मे महिन्याआधी तपासून घ्या. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग (सिस्टीमवर काय घडलं त्याच्या नोंदी) 180 दिवस भारतातच ठेवावे लागतात आणि सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. त्या लॉगची डिस्कवरची जागा कोटेशनमध्ये धरा.

कारखान्याने बदल हंगाम संपल्यानंतर, जूनपासून पुढे धरावा, म्हणजे दिवाळीच्या आसपास गाळप सुरू होईपर्यंत हातात काही महिने राहतात. पतसंस्थेने मार्च आणि एप्रिल सोडून काय ते करावं.

राहिल्या टेप. बॅकअपच्या एलटीओ जातीच्या टेपचा ड्राइव्ह सातव्या पिढीपर्यंत मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचतो. आठव्या आणि नवव्या पिढीत मागची एकच पिढी, दहाव्यात तीही नाही. एलटीओ-4 वर बॅकअप असतील तर ते वाचायला एलटीओ-6 पर्यंतचाच ड्राइव्ह लागेल. जुना ड्राइव्ह केबल आणि कंट्रोलर कार्डासकट काढून ठेवा, आणि गेल्या दहा हंगामांतली प्रत्येकी एक टेप वाचून पाहिल्याशिवाय जुनं मशीन भंगारवाल्याला देऊ नका.