ओठ आधी की आवाज आधी? होम थिएटरचं सिंक असं जमलं

आमच्याकडे सेटटॉप बॉक्स रिसिव्हरला (स्पीकर चालवणारा डबा) आणि रिसिव्हर एचडीएमआयने टीव्हीला जोडलाय, तर बातम्या लावल्या की निवेदिकेचा आवाज आधी यायचा आणि ओठ मागाहून हलायचे, बघून डोकं उठायचं. आवाज पुढे पळतोय की मागे पडतोय हे आधी ठरवा, कारण उपाय उलटे आहेत. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात, तिथे बरोबर पकडता येतं.

आवाज आधी येत असेल तर बहुतेक वेळा टीव्हीच चित्रावर प्रोसेसिंग करत बसलेला असतो. मी टीव्हीतलं मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारं) आणि नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे घालवणारं) बंद केलं (तसंही स्मूदिंगने सिनेमा मालिकेसारखा दिसतो, मला तर अजिबात आवडत नाही), अर्ध काम तिथेच झालं. उरलेलं रिसिव्हरच्या ऑडिओ डिलेमध्ये, म्हणजे आवाज मुद्दाम उशिरा सोडायच्या सेटिंगमध्ये, १० १० मिलिसेकंद वाढवत गेलो आणि ८० ला जुळलं. आवाज साधारण ४५ मिलिसेकंद जरी पुढे गेला तरी खटकतो, मागे मात्र सव्वाशेपर्यंत चालून जातो, म्हणून थोडं जास्त झालं तरी बिनधास्त राहू द्या.

टीव्हीतल्या अ‍ॅपचा आवाज एआरसीवरून (त्याच एचडीएमआय केबलने टीव्हीकडून उलट रिसिव्हरकडे) येतो, तिकडे उलटंच, आवाज मागे. तिथे डिले शून्य केला आणि टीव्हीचं डिजिटल आउटपुट पासथ्रूवर टाकलं, म्हणजे टीव्ही आवाजात काही न बदलता तसाच पुढे पाठवतो. डिले इनपुटनुसार वेगळा सेव्ह होतो का ते तेवढं मेनूत बघून घ्या, माझ्याकडे होतो.